हिवतापाची औषधे बोथट का झाली?



बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके मूळचे अवर्षणाचे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पुरंदर ओलांडून इकडे येईपर्यंत दमून गेलेला असतो. पुढे भाटघरला धरण झाले, १८८० नंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा या मुलखात आला, आणि जेथे बाजरीच्या कणसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागे तेथे उसाचे मळे उभे राहिले. बारामतीला खेटून असलेले जळोची, वरच्या अंगाचे माळेगाव, खालच्या अंगाचे सणसर नि निमगाव केतकी, या साऱ्या मुलखाचा तेव्हापासूनचा इतिहास म्हणजे एका परीने पाण्याचाच इतिहास होय.

पण पाणी आले की त्याच्या पाठोपाठ आणखीही काही येते. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. पाणी अति झाले आणि निचरा राहिला नाही, म्हणजे काळीभोर जमीन कशी पांढरी पडते, हा तिचा विषय. आता जेथे निचरा नाही तेथे डबके. डबके तेथे डास. आणि डास तेथे हिवताप. पंजाबपासून दक्षिणेपर्यंत कालव्याखालच्या मुलखांना हा अनुभव आलेला आहे. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. कालव्याकडेची पाझराची डबकी, नदीच्या पात्रात उरलेले डोह, विहिरी ही त्याची आवडती ठिकाणे.

डासाविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. आज मला सांगायचा आहे तो औषधाचा इतिहास. हिवतापावर माणसाने एकामागून एक उत्तम औषधे काढली, आणि एकामागून एक ती बोथट झाली. असे का झाले? ‘अंगाला औषधाची सवय झाली,’ असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही. अंगाला काही झालेले नसते. जे काही होते ते अंगातल्या जंतूंच्या वंशात होते. ते कसे होते हे समजले, तर पुढची औषधे टिकवणे थोडेफार आपल्याही हाती आहे हे पटेल.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक सूक्ष्म जीव दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी तोच जीव डासाच्या पोटात शोधून काढला. डासाने चावा घेतला की हे जंतू प्रथम आपल्या यकृतात शिरतात, तेथे वाढतात आणि मग रक्ताच्या तांबड्या पेशींत घुसतात. पेशीत वाढायचे, पेशी फोडून बाहेर पडायचे, नव्या पेशी धरायच्या, असा त्यांचा क्रम. हिवतापाच्या नेहमीच्या दोन जाती, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम, हा फेरा सुमारे ४८ तासांत पुरा करतात. म्हणून तर एकाआड एक दिवस हुडहुडी भरते. यांतली फॅल्सिपेरम ही जात घातकी. ती मेंदूवर गेली तर धडधाकट माणूसही पाहता पाहता हातचा जातो. लहान मुले आणि गरोदर बाया यांना तिचे भय विशेष.

या रोगावरचे पहिले खात्रीचे औषध म्हणजे कोयनेल, म्हणजेच क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीत ते असते. ही साल सतराव्या शतकात युरोपात पोचली. १८२० साली पेल्तिए आणि काव्हान्तू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी सालीतले सत्त्व वेगळे काढले. १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या खटपटीने सिंकोनाची रोपे हिंदुस्थानात आली. निलगिरीवर आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तिची लागवड झाली. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्टात एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली. कडू जहर, कानांत घूं घूं करणारे, पण प्राण वाचवणारे असे हे औषध होते.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानने जावा बेट घेतले. जगातले बहुतेक कोयनेल तेथूनच येई. तेव्हा कृत्रिम औषधांकडे सर्वांचे लक्ष लागले. हान्स आंडरझाग या जर्मन रसायनज्ञाने १९३४ सालीच क्लोरोक्विन तयार केले होते, पण ते विषारी ठरवून बाजूला ठेवण्यात आले होते. युद्धाच्या निकडीत अमेरिकनांनी ते पुन्हा तपासले, आणि हे तर रत्नच आहे असे आढळून आले. स्वस्त, घ्यायला सोपे, आणि तीन दिवसांत रोगी हिंडूफिरू लागे.

याच सुमारास डीडीटी आले. मुंबई इलाख्याच्या हिवताप विभागाचे डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ साली तेव्हाच्या इलाख्यातल्या धारवाड आणि कारवार या जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारून हिवताप खाली आणून दाखवला. त्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणीवाले आले, भिंतीवर तारखा पडल्या. दर पंधरवड्याला दारी येऊन ‘कोणाला ताप आहे का?’ असे विचारणारा आणि बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेणारा कर्मचारी जुन्या माणसांना आठवत असेल. १९६५ साली देशातल्या रोग्यांची संख्या अवघ्या एक लाखावर आली. गड हातात आला असे सर्वांना वाटले. आणि १९७६ साली ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली!

या उलट्या फेऱ्याची कारणे अनेक होती. पैसा आटला, देखरेख सैल झाली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले. पण त्यांतले एक कारण असे होते की जे फवारणीच्या पंपाने भागणारे नव्हते. जंतूंपुढे क्लोरोक्विनच लुळे पडू लागले होते.

हे घडते कसे? शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला कठीण नाही. आपण ज्वारीच्या बियाण्यासाठी कणसे निवडतो. भरलेली, टपोऱ्या दाण्यांची तेवढी ठेवतो, बाकीची खायला काढतो. दहा वर्षे असे केले की वाणच पालटतो. कोणत्याही ताटाला आपण काही शिकवलेले नसते. जे हवे ते राखले आणि नको ते काढले, एवढेच. औषध नेमके हेच काम जंतूंच्या बाबतीत करते, फक्त आपल्या नकळत. बोंडअळीचे उदाहरण तर ताजे आहे. बीटी कापसाच्या विषाने ती मरत असे. त्यातून ज्या थोड्या वाचल्या त्यांची पिलावळ वाढत गेली, आणि २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तो सर्वांनी पाहिला.

गुरुजनांनी फळ्यावर मांडावा असा एक हिशेब आहे. जोराचा हिवताप झालेल्या रोग्याच्या अंगात लाख कोटीपर्यंत जंतू असू शकतात. एका जंतूचे दोन, दोनाचे चार होताना प्रत्येक वेळी त्याच्या बीजाची नक्कल करावी लागते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक. पण एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे औषध त्या जंतूला मारू शकत नाही. औषध नसते तेव्हा या विचित्र जंतूला कोणी विचारीत नाही. उलट तो इतरांपेक्षा थोडा अशक्तच असतो. पण औषध आले की बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळे होते. पुढे डास चावतो आणि नेमके हे उरलेले बियाणे शेजारच्या घरी पेरतो.

क्लोरोक्विनच्या बाबतीत ही चूक कोणती, तेही शास्त्रज्ञांनी शोधले आहे. जंतू आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ खातो. तो पचवताना एक विषारी गाळ उरतो. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढावी लागते, तसा जंतूलाही हा गाळ निकालात काढावा लागतो. तो त्याचे निरुपद्रवी खडे बनवतो. क्लोरोक्विन जंतूच्या पोटातल्या पिशवीत साचते आणि हे खडे बनू देत नाही. जंतू स्वतःच्याच मळीने मरतो. पण त्या पिशवीच्या भिंतीत एक दार असते. त्या दाराची घडण करणाऱ्या बीजघटकात काही ठराविक बदल झाले, की त्या दारातून औषध बाहेर फेकले जाते. औषध पोटात टिकतच नाही, मग मारणार कोठून? २००० साली हा बीजघटक ओळखता आला. त्यावरून दिसून आले की असा क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतू गावोगाव नव्याने जन्मला नाही. जगात मोजक्या ठिकाणी तो उपजला आणि माणसांच्या रक्तातून प्रवास करीत पसरला.

तारखाच पाहा. कोयनेल १६३० च्या सुमारास युरोपच्या हाती आले. त्याला दाद न देणारा हिवताप प्रथम १९१० साली ब्राझीलमध्ये नोंदला गेला. म्हणजे पावणेतीनशे वर्षे औषध चालले, आणि आजही ते पुरते निकामी झालेले नाही. क्लोरोक्विन १९४५ च्या सुमारास वापरात आले. १९५७ साली थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर ते चुकू लागले, आणि १९६० च्या सुमारास कोलंबियात. बाराच वर्षे! प्रोग्वानिल हे औषध १९४८ साली आले आणि १९४९ सालीच मलायात त्याला न जुमानणारा जंतू सापडला. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडगोळी १९६७ ची. त्याच वर्षी तिच्याविषयी थायलंडमधून तक्रार आली.

औषध जितके स्वस्त आणि जितके सर्वत्र, तितके ते लवकर बोथट होण्याचे भय. त्यातही मात्रा अर्धी पडली म्हणजे भय दुप्पट. याचे एक बोलके उदाहरण आहे. १९५० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये मारियो पिनोटी यांनी खाण्याच्या मिठातच क्लोरोक्विन मिसळण्याची योजना काढली. हेतू उत्तम होता. गोळी घ्यायला माणूस विसरेल, पण मीठ खायला विसरणार नाही. १९६० च्या सुमारास कंबोडियातल्या पैलिन या रत्नांच्या खाणींच्या मुलखातही औषधी मिठाचा प्रयोग झाला. पण मिठातून प्रत्येकाच्या पोटात किती औषध जाते याला धरबंध कोठला? अशक्त जंतू मरावेत आणि दांडगे वाचावेत, इतपतच औषध पुष्कळांच्या रक्तात राहिले. पहिली लक्षणे त्या भागात आधीच दिसली होती, म्हणून सारा दोष मिठावर घालता येणार नाही. परंतु आगीत तेल पडले हे खरे.

आपल्या देशात हा जंतू प्रथम १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात नोंदला गेला. तेथून पुढे तो देशभर दिसू लागला. १९७८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतही त्याची नोंद झाली. मुंबईत १९९० नंतर हिवतापाने पुन्हा डोके वर काढले. १९९५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायवॅक्स हिवतापाचेसुद्धा क्लोरोक्विनने बरे न झालेले रोगी नोंदवले. म्हणजे आसामात ऐकलेली गोष्ट महाराष्ट्राच्या दारात आली. व्हायवॅक्सवर आपल्याकडे क्लोरोक्विन बहुधा अजून चालते. घातकी फॅल्सिपेरमवर मात्र त्याचा भरवसा राहिला नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. औषध बोथट होण्याचा दोष एकट्या अडाणी रोग्यावर ढकलून चालणार नाही. निर्मूलनाच्या काळात ताप दिसला की रक्ताचा निकाल येण्याआधीच क्लोरोक्विनची एकच मात्रा देण्याची रीत होती. निकाल येईपर्यंत आठवडे लागत, रोगी ताटकळू नये हा त्यातला विचार. ताप उतरे, पण सारे जंतू मरतीलच असे नसे. पुढे तपासणीची साधने सुधारली आणि ही रीत सोडून देण्यात आली. मिठाचा प्रयोग करणारे विद्वान होते, एक मात्रा देणारे तज्ज्ञ होते, निम्म्या गोळ्या खाऊन उरलेल्या फळीवर ठेवणारे आपण होतो. जंतूला यातला फरक कळत नाही. अपुरी मात्रा एवढेच त्याला कळते.

१९६७ साली चीनमध्ये नव्या औषधासाठी मोठी शोधमोहीम सुरू झाली. तू यूयू या संशोधक बाईंनी जुने वैद्यकग्रंथ धुंडाळले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा थंड पाण्यात काढलेला रस तापावर सांगितला होता. उकळल्याने गुण जातो हे त्यावरून त्यांनी ताडले आणि कमी उष्णतेवर सत्त्व काढले. तेच आर्टेमिसिनिन. या कामाबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज फॅल्सिपेरमवर मुख्य भिस्त याच औषधावर आहे.

या खेपेस जग थोडे शहाणे झाले होते. हे औषध एकटे द्यायचे नाही, दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यायचे, असा दंडक घालण्यात आला. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे बजावले आणि पुढे भारतानेही आर्टेमिसिनिनच्या एकट्या गोळीवर बंदी घातली. जोडी कशासाठी? पुन्हा फळ्याकडे वळू. समजा, कोटी जंतूंत एक जंतू पहिल्या औषधाला दाद देत नाही, आणि कोटीत एक दुसऱ्याला. तर दोन्हींना दाद न देणारा जंतू कोटी गुणिले कोटीत एक निघेल. रोग्याच्या अंगात फार तर लाख कोटी जंतू असतात. कोटी कोटी म्हणजे त्याच्या शंभरपट. म्हणजे असा जंतू त्याच्या अंगात सापडण्याचा संभव शंभरात एक.

मात्र जोडीतला एक बैल बसला की नांगर दुसऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर येतो. ईशान्य भारतात हेच झाले. आर्टेमिसिनिनच्या जोडीला दिलेले सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन तेथे आधीच लंगडे झाले होते; म्हणून २०१३ च्या सुमारास तेथे जोडी बदलून ल्युमेफँट्रिन घ्यावे लागले. आणि कंबोडियाच्या त्याच पैलिनमध्ये आर्टेमिसिनिनने जंतू सावकाश मरू लागले आहेत, असे २००९ पर्यंत दिसून आले. रुवांडा, युगांडा या आफ्रिकी देशांतही तशीच चिन्हे पुढे दिसली आहेत. या औषधाच्या मागे दुसरे तयार औषध पुष्कळसे नाही. म्हणून काळजी.

पण या इतिहासात एक आशेचे पानही आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्विन पार बंद केले. औषध नाही म्हटल्यावर त्याला न जुमानणाऱ्या जंतूचे काही चालेना. तो मुळात अशक्तच होता; साध्या जंतूंनी त्याला मागे टाकले. पुढे बारा-तेरा वर्षांनी तेथे मुलांवर क्लोरोक्विन वापरून पाहिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक मूल बरे झाले. खारवट जमिनीला निचरा दिला, विसावा दिला, तर ती पुन्हा पिकते, तसेच हे. अर्थात सगळीकडे असे घडेलच असे नाही. परंतु औषधाची ताकद ही खर्च होणारी वस्तू आहे आणि जपली तर पुरते, हा धडा त्यातून मिळतो.

कालव्याखालच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. वरच्याने पाळी मोडून चारी फोडली, तर टेलच्या शेताला पाणी पोचत नाही. फोडणाऱ्याला त्या दिवशी काहीच तोटा होत नाही. तोटा होतो तो दूरच्या, न पाहिलेल्या माणसाला. औषधाचेही तसेच आहे. ज्याने तीन दिवसांच्या गोळ्या दीड दिवसात सोडल्या, तो कदाचित बराही होईल. त्याच्या अंगात वाचलेले बियाणे मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी तान्ह्या मुलाच्या रक्तात उगवेल, आणि तेव्हा डॉक्टरच्या हातातली गोळी चालणार नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थंडी वाजून ताप आला तर प्रथम रक्त तपासून घ्यावे. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते, आणि बोटाच्या थेंबावरून थोड्याच वेळात निकाल कळतो. हिवताप नसेल तर त्याचे औषध घेऊ नये. असेल तर दिलेला क्रम पुरा करावा, ताप उतरला तरीही. आणि दुकानातून सुट्या गोळ्या आणून वाटून खाऊ नयेत. चौथी गोष्ट अशी की ताप उलटला म्हणजे औषध हरलेच असे समजू नये. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे दुसरे औषध चौदा दिवस द्यावे लागते. गरोदर बाया, तान्ही मुले आणि काही विशिष्ट रक्तदोषाची माणसे यांना ते चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावे. आणि उसाच्या हंगामात परमुलखातून आलेल्या तोडणीवाल्यांच्या कोप्यांकडे गावाने परके म्हणून पाहू नये. तेथला ताप वेळीच तपासला गेला तर त्यांचेही भले आणि गावाचेही.

देशात हिवतापाचे नोंदलेले रोगी २०१५ साली सुमारे पावणेबारा लाख होते. २०२३ साली ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. २०३० पर्यंत हा रोग देशातून घालवण्याचा संकल्प आहे. १९६५ सालीही आपण असेच काठाशी येऊन पोचलो होतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विसरता येत नाही. रोगी थोडे उरतात तेव्हाच हयगय होते, आणि जे थोडे जंतू उरतात ते औषधातून वाचलेले, निवडलेले असतात. तेव्हा गुरुजींनी वर्गात हा हिशेब एकदा मांडून दाखवावा. मुले घरी जाऊन सांगतील, आणि फळीवर उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न पुष्कळ घरांत तेवढ्यानेही सुटेल.